टाक्याला आठवडा

ऑपरेशन झालेल्या माणसानं किती दिवस पडून राहायचं, हे बोरीच्या खालच्या गल्लीत डॉक्टर ठरवत नसत. ते दगडाबाई ठरवायची.

हा अधिकार तिला कुणी दिला नव्हता. तिनं तो स्वतःच्या पोटावर मिळवला होता. बारा-तेरा वर्षांमागं तिच्या बेंबीच्या वर एक फुगीर गोळा आला. खोकलं की बाहेर, आडवं झालं की आत. हर्निया आहे म्हणाले. परभणीला नेऊन पोट चिरलं, आतडं जागेवर बसवलं आणि वरून चौदा टाके घातले. त्या वेळी तिची सासू जिवंत होती, आणि ती बाई म्हणजे सून तापानं फणफणली तरी आधी तव्यावरची भाकरी उलटवून घेणारी. पण सुनेच्या पोटावरचे टाके तिनं बोटानं मोजले आणि तिचंही तोंड उघडंच राहिलं. "चौदा! आता चौदा आठवडे हिला कुनी उठवू नगा रे," असं ती बोलून गेली, आणि बोललेला शब्द तिला मागं घेता आला नाही.

दगडाबाई चौदा आठवडे पडून राहिली. सोळाव्या वर्षी सासरी आल्यापासून दिवसाउजेडी पाठ टेकून आढ्याकडं बघत राहायला मिळालं ते तिला तेवढंच. सासू तिला ऊन ऊन शिरा आणून द्यायची. दगडाबाईला ते दिवस अजून आठवायचे, आणि माहेरच्या आठवणीपेक्षा जास्त आठवायचे.

तेव्हापासून गल्लीत हिशेब ठरला. एका टाक्याला एक आठवडा. कुणाचंही ऑपरेशन झालं की बाया बिस्किटाचा पुडा नाहीतर दोन केळी पदराआड घेऊन बघायला जात. खाटेशी बसल्या की पहिला सवाल एकच: किती टाके? मग पदर बाजूला सारून ते बघायचे, आणि दगडाबाईकडं वळायचं. शेजारच्या बन्सीधरचं अपेंडिक्स काढलं, त्याचे सहा. सहा आठवडे झाल्यावर तो औताला गेला आणि ठणठणीत राहिला. जिंतूरच्या कॅम्पात बायांची दुर्बिणीनं कुटुंबनियोजनाची ऑपरेशनं झाली, त्यांचा टाका एकच. आठवडा झाला की त्या खुरपायला निघाल्या, आणि एकीलाही काही झालं नाही. एवढं सगळं खरं ठरल्यावर हिशेब चूक कोण म्हणणार? डॉक्टरांचं शिक्षण मोठं खरं, पण त्यांना बोरीतल्या बाया काय ठाऊक, असं दगडाबाईचं मत होतं.

किल्लारीकडं भूकंप झाला त्या साली तिच्याच घरात ऑपरेशन निघालं. एकुलत्या एका लेकाची, सुग्रीवची बायको चांगुणा. पालमकडची पोर, कामाला वाघीण, बोलायला थोडी. तिसऱ्या बाळंतपणानंतर तिची बेंबी फुगली होती. दोन वर्षं तिनं जुन्या लुगड्याची पट्टी पोटाला घट्ट बांधून काढली आणि घरात कुणाला कळू दिलं नाही. पण दसऱ्याच्या आधी एका दिवशी रानातच तो गोळा बाहेर येऊन अडकला. चांगुणा बांधावर लोळायला लागली, उलट्या झाल्या. पाय वर करून निजवल्यावर तो कसाबसा आत गेला. दगडाबाईनं हात लावून बघितलं आणि तिला लगेच कळलं. सासूचं दुखणं सुनेला आलं, याचं तिला वाईट वाटलं. आणि खरं सांगायचं तर जरा बरंही वाटलं. आता कळेल हिला, आपण काय सोसलं ते.

पण चांगुणाचा भाऊ नागनाथ मध्ये पडला. नागनाथ एसटीत कंडक्टर, औरंगाबादच्या गाडीवर. रोज शंभर माणसांशी बोलणारा, त्यामुळं जगातलं नवं-जुनं सगळं त्याला आधी कळायचं. तो बहिणीला बघायला आला आणि ओसरीवर बसून सांगायला लागला.

"दाजी, चिरायची गरज न्हाई. औरंगाबादला एक तरणा डॉक्टर हाय, मुंबईहून शिकून आलाय. पोटाला तीन बारीक भोकं पाडतो. एकातून दुर्बीण घालायची, बाकीच्यातून चिमटे. टीव्हीवर बघत बघत समदं करतो."

"टीव्हीवर?" दगडाबाई म्हणाली. "पोट हितं आन बघायचं तिकडं? हात चुकला म्हंजी?"

"चुकत न्हाई मावशी. आतलं मोठं दिसतंय त्यात. माझी बहीन हाय, मी काय वाईट करीन का तिचं?"

ते मात्र खरं होतं. नागनाथचा बहिणीवर फार जीव. तिला कमी चिरावं, कमी दुखावं, एवढंच त्याच्या मनात होतं.

दगडाबाईही बरोबर गेली. डॉक्टर पोरगेलासा होता, पण उद्धट नव्हता. त्यानं कागदावर पोटाचं चित्र काढून सगळं समजावून सांगितलं. चिरून केलं तर जखम मोठी, दुखणं जास्त, जखमेत पू होण्याची भीती जास्त, दवाखान्यात मुक्काम लांबतो. दुर्बिणीनं केलं तर दोन-तीन दिवसांत घरी. मात्र ही पद्धत आपल्याकडं नवी आहे, पुढं दहा वर्षांनी काय होतं ते अजून कुणीच बघितलेलं नाही, हेही त्यानं लपवलं नाही.

"आणि आजी, एक नीट ऐका," तो दगडाबाईकडं वळून म्हणाला. "बाहेरून छोटं दिसलं तरी आतलं काम तेवढंच मोठं आहे. आत मी हाताच्या पंजाएवढी जाळी बसवणार. ती पोटाला धरेपर्यंत तीन महिने हिनं वजन उचलायचं नाही. घागर नाही, हापसा नाही, डोक्यावर ओझं नाही. कळलं?"

"कळलं की," दगडाबाई म्हणाली. मान तिनं व्यवस्थित हलवली. मोठ्या माणसापुढं मान हलवायची असते.

ऑपरेशन झालं. चौथ्या दिवशी चांगुणा आपल्या पायानं चालत एसटीत बसली. दगडाबाई वाटभर तिच्याकडं बघत होती. तिला स्वतःला परभणीहून आणलं होतं ते जीपमध्ये आडवं घालून, प्रत्येक खड्ड्याला ओरडत. आणि ही खिडकीशी बसून लेकरांसाठी घेतलेले पेरू मोजायलीय. दगडाबाईच्या मनात तेव्हाच काहीतरी बारीकसं खुपलं.

दुसऱ्या दिवशी बाया आल्या. सगळ्यांत पुढं कडूबाई. ही बाई बन्सीधरची बायको, आणि गल्लीतली एकही बातमी तिच्या उंबऱ्याला वळसा घालून जात नसे.

"किती गं टाके?" कडूबाई बसता बसताच म्हणाली.

"तीन," चांगुणा म्हणाली.

बाया एकमेकींकडं बघायला लागल्या. चांगुणानं पदर सारून दाखवलं. पोटावर तीन ठिकाणी चिकटपट्टीचे तुकडे होते, लेकराला खरचटल्यावर लावतात तेवढे.

"एवढंच?"

"आत जाळी बसवलीय," चांगुणा घाईनं म्हणाली. "पंजाएवढी."

"जाळी? मासे धरायलीस का काय पोटात?"

एकच हशा पिकला. चांगुणालाही हसू आलं, आणि हसताना तिनं पोट दोन्ही हातांनी दाबून धरलं. ते धरणं कुणी बघितलं नाही. कडूबाईनं डोळे पुसले आणि रिवाजाप्रमाणं दगडाबाईकडं बघितलं. "मंग दगडामाय? तीन?"

"तीन," दगडाबाई म्हणाली. आणि ते ठरून गेलं.

संध्याकाळी सुग्रीव चुलीपाशी येऊन बसला. आईपुढं बोलायचं असलं की तो आधी चुलीतलं लाकूड मागं-पुढं करायचा. "माय, डॉक्टर तीन महिने म्हनले होते."

"डॉक्टर समद्यांलाच तसं सांगतेत. त्यांचं काय जातंय? माझं आपरेशन झालेलं हाय, का त्या डॉक्टरचं?"

सुग्रीव वाईट नवरा नव्हता. बायकोवर हात टाकणारा नव्हता, दारूला शिवणारा नव्हता. फक्त आई आणि बायको यांच्या मध्ये उभं राहायची वेळ आली की त्याला नेमकी म्हशीची आठवण यायची. तो उठून गोठ्यात गेला.

दगडाबाई तिथंच बसून राहिली. तिला राग आला होता, आणि कशाचा ते तिला पुरतं ठाऊक होतं. आपण चौदा टाक्यांना चौदा आठवडे घेतले. एकेक टाका सोसून घेतले. आणि हिला तीन टाक्यांत तेवढाच आराम? ना कण्हणं, ना ओरडणं, ना रात्रीचा दिवस करणं. फुकटचं कसं मिळेल कुणाला? आपल्या जन्मात एकदाच मिळालेली चीज या पोरीला पेरू मोजता मोजता मिळावी, हे तिच्या मनाला पटेना.

तीन आठवडे सरले तेव्हा रानात कापूस फुटून पांढराशुभ्र झाला होता. गावात वेचणीला माणूस मिळत नव्हतं. दगडाबाई रागावून काही बोलली नाही. साधंच विचारलं. "चांगुणे, उद्यापासून येतीस का रानात?"

चांगुणानं सुग्रीवकडं बघितलं. सुग्रीव विळ्याची धार बघत होता.

"येते," ती म्हणाली.

आणि एकदा रानात गेलं की रान म्हणजे नुसती वेचणी नसते. सकाळी हापशावर पाणी, हापशाचा दांडा असा जड की दोन हातांनी लोंबकळावं लागतं. मग भाकरी, मग वेचणी, आणि दिवस कलताना कापसाचं गाठोडं डोक्यावर. ते डोक्यावर चढवताना पोटाला पीळ बसतोच. पहिले काही दिवस दगडाबाईनं तिचं गाठोडं थोडं हलकं बांधलं. मग तेही राहून गेलं. पोरगी काम करत होती, कण्हत नव्हती, दिसायला काही दिसत नव्हतं.

एका दुपारी चांगुणा बांधाच्या सावलीला पोटावर हात दाबून बसलेली दिसली. तोंड उतरलेलं.

"काय गं?"

"आत काहीतरी सुटल्यागत झालं, आत्याबाई."

"टाका वढत असंल. माझे तर सा महिने वढायचे. पानी पी घोटभर."

चांगुणा पाणी प्याली. तांब्या ठेवून तिनं पुन्हा एकदा सासूकडं बघितलं. आता दगडाबाईला आठवतं, ती पोर तेव्हा काहीतरी सांगणार होती. पण दगडाबाई वळून आपल्या वाट्याच्या काकरीतला कापूस वेचायला लागली होती.

संक्रांतीला मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर झालं. रेडिओवर दिवसभर त्याच बातम्या. कुठं पेढे वाटले जात होते, कुठं दगड पडत होते. गावात चारचौघं पारावर बसली तरी आधी आजूबाजूला बघून बोलायची. एसट्या डेपोतच उभ्या राहिल्या. त्यामुळं नागनाथला कधी नव्हे ती चार दिवस सवड मिळाली. एका ओळखीच्या ट्रकमधून तो बहिणीसाठी तिळगूळ आणि साडी घेऊन बोरीला उतरला. गावात शिरताना पहिल्यांदा लागतो तो हापसा. तिथं त्याला चांगुणा दिसली. दांड्याला लोंबकळलेली.

तो घरात आला तो घागर स्वतःच्या खांद्यावर घेऊन. खाली ठेवली आणि दगडाबाईसमोर उभा राहिला. कंडक्टर माणूस, ओरडायची सवय असलेला. पण तो ओरडला नाही.

"मावशी, तुमच्याच तोंडापुढं सांगितलं होतं ना डॉक्टरनं? हापसा न्हाई म्हनून?"

"तीनच टाके तर व्हते," दगडाबाई म्हणाली.

नागनाथला ते काय उत्तर आहे तेच कळेना. तो बहिणीकडं वळला. "ताई, तुला काही तरास?"

चांगुणा भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. मग सासूला आत बोलावून तिनं लुगड्याची गाठ सैल केली. आत पुन्हा ती जुनी पट्टी होती, घट्ट बांधलेली. पट्टी सुटली तशी बेंबीच्या डाव्या अंगाला गोळा वर आला. दगडाबाईनं हात ठेवला. हाताखाली ते मऊ, गुरगुरणारं आतडं लागलं. तेरा वर्षांमागं स्वतःच्या पोटावर हात ठेवून ती असंच चाचपायची.

"कवापासून?" तिनं विचारलं.

"कापसाच्या वक्ताला."

"मंग बोलली कामून न्हाईस?"

"बोलले होते," चांगुणा म्हणाली.

माघ लागल्यावर ते पुन्हा औरंगाबादला गेले. डॉक्टरनं तपासलं, आणि त्याचा चेहरा उतरला. जाळीची एक कड सुटली होती. "वजन उचललं?" त्यानं विचारलं. सुग्रीव फरशीकडं बघत राहिला. दगडाबाईला वाटलं, चांगुणा आता आपलं नाव घेईल. घ्यावं असंही वाटलं. पण तिनं घेतलं नाही.

डॉक्टरनं उसासा टाकला. "ठीक आहे. परत दुर्बिणीनंच करू. मोठी जाळी घालतो. यावेळी मात्र..."

"न्हाई," चांगुणा म्हणाली. "चिरा."

डॉक्टरला वाटलं, ती घाबरलीय. त्यानं खुर्ची पुढं ओढली. "अहो, चिरून करता येतं, नाही असं नाही. पण दुखेल खूप. जखम पिकायची भीती असते. दुर्बिणीचं बरं वाटलं होतं ना तुम्हाला मागच्या वेळी? दिसतसुद्धा नव्हतं कुठं चिरलंय ते."

"तेच तर झालं, साहेब. दिसत नव्हतं." चांगुणा इतकं सलग कधी बोलत नसे. "लांब चिरा. बाराचौदा टाके पडतील एवढं तरी. दिसाया पायजे मला."

डॉक्टर हसला. मग हसू अर्ध्यावर थांबवून त्यानं दगडाबाईकडं बघितलं, म्हाताऱ्या माणसानं पोरीला दोन शब्द समजावून सांगावेत म्हणून. त्याला बिचाऱ्याला काय माहीत, तो कुणाकडं बघतोय ते. दगडाबाई उठली आणि टेबलाला धरून उभी राहिली.

"दुर्बिणीनंच करा, साहेब," ती म्हणाली. "तिला चिरू नगा. मी तिला काडी उचलू देत न्हाई. नातवाची शप्पत घेते."

चांगुणानं तिच्याकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत राग असता तर दगडाबाईला सोसला असता.

"आत्याबाई, तुमी आत्ता मनापासून म्हनायलात, मला ठाव हाय. पर घरी गेल्यावर चार दिसांनी तुमालाच वाटंल, हिला झालंय काय. तुमी न्हाई म्हनलात तरी कडूमावशी म्हनंल. मला बी वाटंल. मी तरी किती दिस नुसतं सांगत बसू, आत दुखतंय म्हनून?"

शपथ खरी होती, आणि सून म्हणत होती तेही खरं होतं. दगडाबाई खाली बसली.

शेवटी चिरूनच झालं. पहिल्यांदा आतून सुटलंय, तर यावेळी उघडून करणंही चूक नाही, असं म्हणून डॉक्टर तयार झाला. चांगुणाला बाहेर आणलं तेव्हा बेंबीच्या वरपासून खालपर्यंत पट्टी होती.

त्या दिवसांत दगडाबाई खाटेपासून हलली नाही. चांगुणाला खोकला आला की ती उशी तिच्या पोटावर दाबून धरायची, नर्सबाईंनी दाखवलं होतं तसं. तरी पोरीच्या डोळ्यांतून पाणी यायचं. कूस बदलायची म्हटलं तर दोन माणसं लागत. मागच्या खेपेला याच दवाखान्यातून ही चालत एसटीत बसली होती, हे दगडाबाईला सारखं आठवायचं. हे दुखणं हर्नियाचं नव्हतं. हे तिनं मागून घेतलं होतं, आणि ते मागायला आपण लावलं. आपण तिचे हाल केले, असं दगडाबाई मनातल्या मनात म्हणायची. मोठ्यानं म्हणायची तिची छाती झाली नाही.

मग ताप आला. जखम लाल झाली, आणि डॉक्टर ज्याला भीत होता तेच झालं. मधले टाके उसवून त्यानं पू वाहून जाऊ दिला. जाळी काढावी लागली नाही हेच नशीब, म्हणाला. आता जखम तळापासून हळूहळू भरून यायला हवी. रोज धुवायची, औषधात भिजवलेली पट्टी आत भरायची, वरून कोरडी बांधायची. नर्सबाईंनी सुग्रीवला दाखवायला घेतलं. दगडाबाई पुढं झाली. "मला दाखवा," म्हणाली.

घरी आणल्यावर बाया आल्या. कडूबाईनं तोंड उघडायच्या आत चांगुणानं स्वतःच्या हातानं पदर बाजूला केला आणि पट्टी उचलली. बायांनी तोंडाला पदर लावले. कुणी हसलं नाही. कुणी मोजलंही नाही. "बस बाई आता वरीसभर," कडूबाई कशीबशी म्हणाली, आणि केळी तिथंच ठेवून उठली.

चांगुणानं पदर ओढून घेतला. तिचा चेहरा इतका शांत झाला होता, की दगडाबाईला तिथं थांबवेना. परसात जाऊन ती उगीच गोवऱ्या उलट्यासुलट्या करत राहिली.

त्यानंतर रोज सकाळी तेच काम. पाणी उकळून निववायचं, हात साबणानं धुवायचे, पट्टी सोडायची. पहिल्यांदा दगडाबाईला तासभर लागायचा. पुढं हात सरावले. चांगुणा आढ्याकडं बघत पडायची. दोघी फारशा बोलत नसत. लेकरांना न्हाऊ घालणं, स्वयंपाक, पाणी सगळं दगडाबाई करायची आणि वर सुग्रीवला हापशावर धाडायची. बायकांच्या रांगेत घागर घेऊन उभ्या राहिलेल्या सुग्रीवला गल्ली हसली. तो मान खाली घालून पाणी आणत राहिला. दगडाबाई गुपचूप सुनेसाठी शिरा करायची. तिच्या सासूनं तिला केला होता तसा, तूप सोडून. चांगुणा तो अर्धा खायची आणि अर्धा लेकरांना द्यायची.

पाडवा होऊन गेला. उन्हं तापायला लागली. जखम आधी बोटभर खोल होती, मग नखाएवढी राहिली. आणि एका सकाळी दगडाबाईनं पट्टी सोडली तर ती कोरडी निघाली. आतली भेग मिटली होती. वर गुलाबी, नवी कातडी आली होती. दगडाबाईनं वाकून बघितलं, हलकंच बोट लावून बघितलं. पाणी नाही, ओल नाही. थोरला नातू झाला तेव्हाही तिला इतका आनंद झाला नव्हता.

"चांगुणे! भरली गं माय! समदी भरली बग!" ती तशीच अर्धवट उठली, ओसरीवर बसलेल्या लेकाला हाक मारायला.

चांगुणानं तिचं मनगट धरलं. अंगात ताकद नसलेल्या माणसाची पकड, पण सुटेना.

"आत्याबाई, कुनाला सांगू नगा."

"आं? का बरं?"

"वली हाय म्हना अजून." चांगुणा कुजबुजली. तिचे डोळे दारावर होते. "आनखी थोडेच दिस. मंग उठते मी. करते समदं. पर थोडे दिस वलीच म्हना. तुमच्या पाया पडते."

दगडाबाई तिच्याकडं बघत राहिली. इतके दिवस आपण हिची जखम धुतली. ही पोर रोज आढ्याकडं बघत पडायची ती जखम भरावी म्हणून नाही. भरू नये म्हणून. ते दगडाबाईला आत्ता कळलं.

बाहेरून सुग्रीवनं विचारलं, "माय, कशी हाय गं आज?"

चांगुणाची मनगटावरची बोटं घट्ट झाली.

"वली हाय अजून," दगडाबाई मोठ्यानं म्हणाली. "भरायला लय दिस लागतेत. कुनी तिला उठवू नगा."

तिनं स्वच्छ पट्टी घेतली, औषधात भिजवली, आणि भरून आलेल्या जखमेवर नीट बांधली. गाठ मारताना तिला नीट दिसेना. चांगुणानं मनगट सोडलं, हात जोडले आणि हळू आवाजात म्हणाली, "लय उपकार झाले, आत्याबाई."

त्यापेक्षा तिनं तोंडात मारली असती तर बरं झालं असतं, असं दगडाबाईला वाटलं.